घुंगरू ऐकू येईल तिथवर

"पाय मुका ठेवू नको रं, सुध्या. पाय बोलला पायजे."

हा आवाज सुधाकरला अजून ऐकू यायचा. संगमेश्वराकडचं गाव, शेणानं सारवलेलं अंगण, गणपती तोंडावर आलेले. मधोमध मृदंग मांडीवर घेतलेले वडील, आणि त्यांच्याभोवती रिंगण धरून जाखडी नाचणारी पोरं. प्रत्येकाच्या एकाच पायात घुंगरांचा चाळ. पाऊल पडलं आणि घुंगरू वाजलं नाही, तर मृदंगाच्या गजरातही बुवांना, म्हणजे वडिलांना, ते कळायचं आणि त्यांची मान बरोब्बर त्या पोराकडे वळायची. बहुतेक वेळा ते पोर सुधाकर असायचा.

आता हा आवाज यायचा तो शाळेच्या जिन्यात. नालासोपाऱ्यातल्या, त्याच्या मुलीच्या शाळेचा तो जिना. रात्रपाळी करून, घरी नुसती आंघोळ उरकून, सुधाकर उन्नतीला घेऊन सकाळी तिथे यायचा आणि दुसरीच्या वर्गासमोरच्या पायरीवर बसायचा. वर्गाच्या दारातून तो दिसला पाहिजे, अशी तिची अट. दिसला तर ती पाढे म्हणायची, चित्रं काढायची, हातसुद्धा वर करायची. नाही दिसला तर तिच्या ओठांचा रंग जायचा, श्वास लागायचा, आणि पाटी-दप्तर तिथेच टाकून ती बाहेर धावायची. पायरीवर त्याला डुलकी लागली की अंगण दिसायचं, वडील दिसायचे; आणि तेवढ्यात कुणीतरी बाही ओढायचं. उन्नती असायची. दोन तासांच्या मधे पाणी प्यायच्या निमित्तानं आलेली.

"झोपू नको ना, बाबा," ती म्हणायची. तो मान हलवायचा.

सगळ्यांनी सगळं करून झालं होतं. शेजारणींनी मीठमोहरीनं दृष्ट काढली. आशालतानं, त्याच्या बायकोनं, आधी जवळ घेऊन समजावलं, मग रागावून पाहिलं, मग स्वतःच रडली. पण तिची नोकरी चर्चगेटला. सकाळी लवकर बाहेर पडणारी बाई रात्रीच घरात दिसायची. दोष दुसरीच्या नव्या बाईंच्या माथी मारून झाला होता, कारण त्या मोठ्यानं बोलतात आणि पोर बिथरली ती दुसरीत गेल्यावरच. बाई बिचाऱ्या त्यानंतर इतक्या हळू बोलू लागल्या की मागच्या बाकांवरची मुलं तक्रार करायला लागली.

शेवटी मुख्याध्यापिकांनी त्याला खोलीत बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, पण त्याही थकल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बसा, म्हणाल्या. सुट्टीनंतर पालकाला आवारात बसता येणार नाही. मुलगी एकटी बसली तर उत्तम, नाहीतर दाखला घेऊन जावा लागेल. त्याच आठवड्यात कारखान्यात तो उभ्या उभ्या पेंगला आणि हात यंत्रापासून जेमतेम वीतभर लांब राहिला. सुपरवायझरनं आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाला की पुन्हा दिसलं, तर घरी जाऊन पोटभर झोपा, इकडे येऊ नका.

तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी वसईकडच्या सांडोर गावाचं नाव काढलं. तिथे व्हेरोनिका नावाची एक बाई आहे, रीतसर शिकून आलेली. औषधबिषध देत नाही, अंगाच्या हालचालींतून मुलांची भीती सैल करते.

आशालता ऐकून हसली. आनंदानं नव्हे. "नाचून भीती जाते होय? मग गणपतीच्या मिरवणुकीनंतर या गावात एक माणूस भित्रा उरायला नको."

तरी तिनंच उन्नतीच्या केसांना लाल रिबिनी बांधल्या आणि शनिवारी दोघांना पाठवलं.

एसटी गास गावावरून निघाली की सिमेंट मागं पडायचं आणि हिरवं सुरू व्हायचं. केळीच्या वाड्या, पाटाचं पाणी, अळूची पानं, मधेच एखादा पांढरा क्रूस. सांडोरला चर्चच्या मागे कौलारू हॉल होता. लग्नाच्या खुर्च्या एका भिंतीला रचलेल्या, लांब दांड्यांचे पंखे, आणि हॉलची किल्ली सांभाळणारा आलोशियस नावाचा म्हातारा. त्यानं सुधाकरला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीला आणलंय का तिनं तुम्हाला आणलंय?" त्यानं विचारलं. उन्नतीनं बापाचा सदरा मागून दोन्ही मुठींत धरला होता, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

व्हेरोनिका चाळिशीची, सडपातळ, पायांत काही नाही. तिनं उन्नतीला नाव विचारलं नाही, ये म्हटलं नाही, गोळी-चॉकलेट दाखवलं नाही. ती समोर लांब जाऊन जमिनीवर बसली. उन्नती अस्वस्थ होऊन पायाच्या अंगठ्यानं लादी घासत होती. व्हेरोनिकाही आपल्या अंगठ्यानं लादी घासू लागली. उन्नतीनं पाय मागे घेतला, तिनंही घेतला. उन्नतीनं खांदा वर केला. तिनंही केला, जरा जास्तच. बराच वेळ असं चाललं. शेवटी उन्नतीनं मुद्दाम नाक वाकडं केलं, समोरच्या बाईचंही नाक वाकडं झालं, आणि सुधाकरच्या सदऱ्यामागे कितीतरी दिवसांनी खुदकन आवाज आला.

मग व्हेरोनिकानं एक जुनी सुती साडी आणली. एक टोक बापाच्या हातात, एक मुलीच्या. चाला म्हणाली. साडी आधी गोळा करून धरलेली, मग हळूहळू सोडत न्यायची. पुढचे शनिवार-रविवार त्यातच गेले. बाप हॉलच्या मधे गोल फिरतोय, आणि पोर साडीच्या टोकाला, दर वेळी थोडी आणखी लांब. एकदा ती पार पलीकडच्या खिडकीपर्यंत गेली आणि गजांतून बाहेरची केळीची बाग बघत उभी राहिली.

सुधाकरला वाटलं, जमलं. तो भिंतीला टेकला, खाली सरकून बसला, डोळे मिटले.

साडी सैल पडली आणि पुढच्या क्षणी उन्नती त्याच्या छातीवर येऊन आदळली. दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून बघत होती.

त्या दिवशी निघताना व्हेरोनिका दाराशी थांबली. "उन्नतीचे बाबा, एक सांगू? ती लांब जायला घाबरत नाही. तुम्ही थांबलात की घाबरते."

सुधाकरला काही कळलं नाही. माणूस कधीतरी थांबणारच की. एसटीत खिडकीला डोकं टेकून तो तेच घोळवत राहिला आणि उन्नती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. बाकी पोर शहाणी होती. दुपारी शाळेतून आल्यावर तो झोपला की हुं नाही की चूं नाही. त्याच्या उशाशी रंगपेटी घेऊन चित्रं काढत बसायची. इतर बाप आपल्या पोरांच्या दंग्याबद्दल बोलायचे तेव्हा त्याला त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

पुढच्या वेळी व्हेरोनिकानं विचारलं की लहानपणी तुम्ही काय खेळायचात. तो आधी क्रिकेट म्हणाला. मग तिनं पुन्हा विचारलं तेव्हा खाली बघत जाखडीचं सांगितलं. दाखवा म्हणाली. त्यानं नाही म्हटलं. मोजे काढायला लागतील, म्हटलं. आलोशियस दारातून म्हणाला की काढा की, आम्ही नाक धरतो.

त्यानं नाचून दाखवलं. रात्रभर उभे राहिलेले पाय. उचलताना जडशीळ वाटत होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला गुडघ्यांना काहीतरी आठवलं, आणि वडिलांचं गाणं ओठांवर आपोआप आलं:

पहिला पाय धरणीला, देवा,
दुसरा पाय वाऱ्याला हो,
तिसरा पाय कुणा दिसंना,
बांधलाय तो ताऱ्याला हो.

उन्नती टक लावून बघत होती. बाप असा वाकतो, असा वळतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती त्याच्यामागे रिंगणात शिरली. सदरा न धरता.

वडिलांची पत्र्याची ट्रंक घरात कपाटावर होती. म्हातारपणी ते नालासोपाऱ्याला येऊन राहिले आणि याच वर्षीच्या श्रावणात एका सकाळी बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरच गेले, तेव्हापासून ती कुणी उघडली नव्हती. त्या रात्री कामावर जाण्याआधी सुधाकरनं ती खाली काढली. धोतरं, झांजा, आणि एका फडक्यात गुंडाळलेला चाळ. चामड्याची पट्टी वाळून कडक झाली होती, पण घुंगरं सगळी जागच्या जागी होती.

तो चाळ हॉलमध्ये आला आणि सगळं पालटलं. सुधाकर आत नाचायचा, नाहीतर नुसता पाय आपटत उभा राहायचा, आणि उन्नती हॉलच्या दाराबाहेर जायची. मग पायऱ्या उतरून चर्चच्या अंगणात. मग बावखलापर्यंत. वाडीला पाणी देणारं ते जुनं तळं, काठावर भेंडीची डेरेदार झाडं. ती तिथे एकटी जाऊन खडे टाकून परत यायची, गाल लाल, केसांत पालापाचोळा. घुंगरू ऐकू येईल तिथवर तिचं राज्य होतं. एक दिवस तर ती आलोशियसच्या घरून त्याचा चहाचा पेला घेऊन आली, न सांडता. म्हातारा म्हणाला, "पोर सुधारली, पण माझ्या लाद्या गेल्या."

सुधाकरनं आशालताला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. पीठ लागलेले हात तसेच परातीवर धरून तिनं ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाली की बाबा असते तर किती हसले असते. सासऱ्यांना, बुवांना, ती बाबा म्हणायची. दोघांचीही नजर दाराकडे गेली, कारण उन्नती आतल्या खोलीत होती आणि तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. लहान पोर. कशाला उगाच.

पण घुंगरू शाळेत नेता येत नाही. व्हेरोनिका हे आधीपासून सांगत होती. आवाज हळूहळू कमी करायचा, ती म्हणाली. चाळावर रुमाल बांधला, तरी उन्नती जायची, कान टवकारून. आवाज बंद केला की तिचं पाऊल जिथे असेल तिथून परत फिरायचं. सुधाकर दोनदा खोटं बोलला: मी वाजवत होतो, तुलाच ऐकू आलं नाही. तिनं विश्वास ठेवला नाही, आणि पुढच्या खेपेला पायऱ्यांच्या खालीही गेली नाही.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यानं वेडेपणा केला. दुसरं काय करणार? चाळ पिशवीत घालून शाळेत नेला, पायरीऐवजी फाटकाबाहेर बसला आणि पँटची मोरी वर करून पाय हलवू लागला. आधी उसाच्या रसवाल्यानं बघितलं, मग रिक्षावाल्यांनी. एकानं विचारलं, भाऊ, तमाशात आहात का. मधल्या सुट्टीत दुसरी-तिसरीची पोरं फाटकाला चिकटली आणि ताल धरून टाळ्या वाजवू लागली. त्या टाळ्यांमध्ये घुंगरू बुडालं. वर्गातून उन्नतीची किंकाळी आली.

मुख्याध्यापिका स्वतः खाली आल्या. त्यांना रागावताही येईना. "घरी जा हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आधी घरी जा."

दिवाळी आली, फटाके वाजले, कारखान्यात अर्धी माणसं रजेवर गेली. राहिलेल्यांनी दोन-दोन पाळ्या केल्या. सुधाकरनंही केल्या, कारण सुपरवायझरला नाही म्हणायची त्याची आता टाप नव्हती. शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी दोन पाळ्या संपवून, डोळ्यांत वाळू घेऊन, तो उन्नतीला सांडोरला घेऊन गेला. एसटीत उभं राहावं लागलं, ते एका परीनं बरंच झालं.

त्या दिवशी नाच नव्हता, साडी नव्हती. सतरंज्या घातल्या होत्या. तीन-चार मुलं, त्यांचे आईबाप. व्हेरोनिका म्हणाली, आज सगळ्यांनी नुसतं पडायचं आणि अंग जमिनीला देऊन टाकायचं. टाचा द्या, पोटऱ्या द्या, पाठ द्या. खिडकीतून केळीच्या पानांचा आवाज येत होता. सुधाकरनं टाचा दिल्या. पोटऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही.

जाग आली तेव्हा त्याच्या नाकाखाली काहीतरी गरम, ओलसर होतं. उन्नतीचा तळहात. दुसऱ्या हाताची बोटं त्याची पापणी वर ओढत होती. तिचा चेहरा इतका जवळ होता की त्याला आधी फक्त डोळे दिसले. ती रडत नव्हती. थरथरत होती, वाऱ्यात पान थरथरतं तशी, सगळ्या अंगानं. बाकी मुलं निघून गेली होती. व्हेरोनिका जरा लांब बसली होती आणि आपण मधे पडू नये म्हणून तिनं स्वतःचे हात मांडीवर घट्ट धरलेले दिसत होते.

"उन्नती," ती हळू म्हणाली, "काय बघत होतीस? सांगू नकोस. नुसतं करून दाखव. तू बाबा हो."

उन्नतीनं बापाच्या तोंडावरचा हात काढला. मग शेजारच्या सतरंजीवर उताणी झोपली. हात सरळ केले, मग छातीवर घेतले. डोळे मिटले. सुधाकरला वाटलं, आपली नक्कल करते आहे. पण आपण असं सरळ कधी झोपतो? पोरीचं काहीतरी मनासारखं होत नव्हतं. ती उठून बसली, वेणीची रिबीन सोडली, आणि तिनं ती आपल्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांभोवती गुंडाळली. दोन्ही अंगठे एकत्र बांधले. गाठ मारली. मग पुन्हा उताणी पडली आणि श्वास रोखून धरला.

वडिलांचे अंगठे सुधाकरनं स्वतः असेच बांधले होते. श्रावणातल्या त्या सकाळी, सुतळी मिळेना म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन. उन्नतीला तेव्हा शेजारी पाठवलं होतं. मयताजवळ लहान मूल नको म्हणून. आशालतानं तिला दारातून पुढे ढकलता ढकलता सांगितलं होतं की आजोबा झोपलेत, आवाज करू नको. म्हणजे पोरीनं जाता जाता मागं वळून बघितलं होतं. आणि परत आणली तेव्हा खाट रिकामी, लादी धुतलेली, आणि कोपऱ्यात पणती. तिनं विचारलं तेव्हा कुणीतरी गावाला म्हणालं, कुणीतरी देवाकडे म्हणालं. आणि त्यानंतर, तो शाळेच्या पायरीवर बसायला लागेपर्यंत, रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्यावर चादर ओढून आशालता रोज सकाळी तेच सांगून निघायची: बाबा झोपलेत, आवाज करू नको.

त्यानं रिबिनीची गाठ सोडायला हात पुढे केला.

"बाय," तो म्हणाला. "श्वास घे आधी."

तिनं श्वास सोडला. डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच बोलू लागली, आणि आवाज असा सपाट होता की जणू वर्गात धडा वाचते आहे.

"मी शाळेत गेले की तू घरी झोपणार. आई ऑफिसात. आजोबा झोपले तेव्हा त्यांच्याजवळ कुणी बसलं नव्हतं. मी पण नव्हते. मला शेजारी सोनूकडे पाठवलं. मग त्यांना नेलं. तुझ्याजवळ कोण बसणार?"

पंखा फिरत होता. आलोशियस खुर्च्या लावायला आला होता. एक खुर्ची हातात धरून तो दाराशीच उभा राहिला आणि मग ती न ठेवताच बाहेर गेला.

सुधाकरनं व्हेरोनिकाकडे पाहिलं. पण हे तिचं काम नव्हतं. आशालता इथे असती तर तिनं तोंडावर हात ठेवला असता, पोरीच्याही आणि त्याच्याही. सांगायचा होता तो एकच शब्द. वडिलांच्या बाबतीत तो शब्द त्यानं स्वतःही अजून उच्चारला नव्हता. लोकांना सांगताना तो गेले म्हणायचा, म्हातारे सुटले म्हणायचा. गाठ सुटली. रिबीन त्याच्या हातात आली. तो तिच्या शेजारी सतरंजीवर आडवा झाला, तिच्यासारखाच उताणा, म्हणजे तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. पण तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडेच बघितलं.

"आजोबा झोपले नव्हते, बाय. आजोबा मेले होते. म्हातारे झाले होते, त्यांचं काळीज थांबलं, आणि मेले. मेलेलं माणूस झोपलेलं नसतं. कुणी जवळ बसलं असतं तरी मेलेच असते. तू असतीस तरी." त्यानं तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि तिला ठोके जाणवेपर्यंत थांबला. "मी नुसता झोपतो. दमतो ना, म्हणून. तू सोमवारी शाळेत जा. घरी आलीस की मला हाक मार, मोठ्यानं मार, हवा तेवढा आवाज कर. मी उठेन."